वाचनालयाची जुनी डीबीएफ यादी कोहात न्यायची आहे: सीएसव्हीमार्गे जावं की थेट मार्क?

पानवेल:

मंडळी, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी यंदा आले आहे. वाचनालय 'ब' वर्गाचं, जुनं, आणि वाचक अजून टिकून असलेलं. ग्रंथांची यादी नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतलेल्या एका प्रोग्रॅममध्ये आहे. तो लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत आणि ज्या संगणकावर तो चालतो, तोही फार दिवस काढेल असं वाटत नाही. म्हणून डीबीएफच्या (फॉक्सप्रो माहिती ज्यात साठवतं त्या) चार फाइल्स मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या: ग्रंथ, सभासद, देवघेव आणि वर्गणी.

ग्रंथांच्या फाइलमध्ये वीस हजारांच्या आसपास नोंदी आहेत. नोटपॅडमध्ये उघडलं की दाखल क्रमांक, किंमत आणि इंग्रजी पुस्तकांची नावं नीट दिसतात. मराठी नावांच्या जागी मात्र चिन्हांचा नुसता बुजबुजाट. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी कोहा वापरा असं सुचवलं आहे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याला माहिती 'मार्क' नावाच्या, ग्रंथनोंदींसाठीच्या स्वरूपात लागते म्हणे.

माझे प्रश्न असे:
डीबीएफची आधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने स्तंभ तोडलेली साधी मजकूर फाइल) करावी आणि मग मार्क, की थेट मार्क करणारं काही आहे?
ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवली तर चालेल का?
आणि मराठी परत मिळेल का, की सगळं पुन्हा टाइप करायचं? कार्यकारिणीत दोघांचं मत टाइप करण्याच्या बाजूचं आहे.

कळफलक:

एक्सेलमध्ये उघडा, सेव्ह ॲज सीएसव्ही करा. पाच मिनिटांचं काम.

धुळाक्षर:

कळफलक, पाच मिनिटांत होतं हे खरं, पण त्यातली नासाडी निस्तरायला महिने जातात. पानवेलताई, एक्सेलला या फाइलपासून तूर्त लांब ठेवा.

आयएसबीएन तेरा अंकी असतो. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि चौकटीत ९.७८८१८ई+१२ असं काहीतरी दाखवतं. तशीच सीएसव्ही सेव्ह केली की फाइलमध्ये जे दिसतंय तेच उतरतं आणि शेवटचे अंक कायमचे जातात. दाखल क्रमांक ००१२३ असेल तर १२३ होतो. ड्यूई वर्गांक तर विचारूच नका. ग्रंथालयशास्त्राचा ०२० आणि ज्ञानकोशांचा ०३० यांचे २० आणि ३० होतात. ५/४/१९९८ ही ५ एप्रिल की ४ मे, हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं, तुमच्या नोंदवहीवर नाही.

यातलं काहीही लाल अक्षरात ओरडून सांगितलं जात नाही. फाइल व्यवस्थित उघडते, व्यवस्थित सेव्ह होते. चूक लक्षात येते ती कुणीतरी पुस्तक शोधायला आलं की.

कळफलक:

@धुळाक्षर, अहो, पण डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट'ने आणून सगळे स्तंभ 'टेक्स्ट' केले तर यातलं काही होत नाही. मी रोज बँकेच्या फाइल्स तशाच घेतो. एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरी या आयात-सोयीत तर आपोआप लागलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरीच उडवता येते. दोष एक्सेलचा नाही, डबल क्लिक करून उघडण्याचा आहे.

धुळाक्षर:

हे मान्य. तसं उघडणार असतील तर माझी हरकत नाही. पण तुमच्या पहिल्या प्रतिसादात ते नव्हतं आणि धागा वाचून कुणीतरी तेवढंच करून मोकळं होईल.

सूक्ष्मदर्शी:

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आमच्या जीवशास्त्रात या सवयीपायी जनुकांची नावं बदलावी लागली. मार्च१ आणि सेप्ट१ अशी नावं टाकली की एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. २०१६ साली एका पाहणीत दिसलं की जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका आहेत. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनेच मार्च१ चं मार्चएफ१ आणि सेप्ट१ चं सेप्टिन१ केलं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

माळरान:

आणि ब्रिटनचं २०२० मधलं प्रकरण! कोविडच्या चाचण्यांचे निकाल सीएसव्हीमधून यायचे आणि पुढे एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरले जायचे. त्या साच्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. वरचे निकाल गुपचूप गळाले. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. नवीन एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण साचा जुनाच निवडला तर त्याचा काय उपयोग?

वीस हजार नोंदींना ही अडचण येणार नाही. सांगायचं एवढंच की रूपांतर झालं की आधी ओळी मोजा. इकडे किती, तिकडे किती.

अबोली:

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल कुणी बोललंच नाही. सभासदांच्या फाइलमध्ये नाव, पत्ता, फोन असणार. देवघेवीच्या फाइलमध्ये कोण काय वाचतं तेही असणार. ही फाइल कुणा अनोळखी सर्व्हरवर चढवू नका, कृपया. २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, तो बाजूला ठेवला तरी गावातल्या माणसांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. लिब्रेऑफिस डीबीएफ थेट उघडतं, तुमच्याच संगणकावर, फुकट. उघडताना अक्षरसंच विचारतं, तिथे काय निवडायचं ते जाणकार सांगतील.

पानवेल:

अबोली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सभासदांची फाइल कुठेही चढवणार नाही. देवघेवीचा जुना इतिहास नवीन यंत्रणेत न्यायचा का, यावरही कार्यकारिणीत बोलते.

खडूफळा:

टाइप करण्याचं मत मांडणाऱ्यांना एवढ्यात मोडीत काढू नका. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आम्ही तेच केलं. प्रत्येक पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ उघडलं, नोंद केली. त्यात कळलं की यादीतली कितीतरी पुस्तकं कपाटात नाहीतच, आणि कपाटातली काही यादीत नाहीत. म्हणजे यादीबरोबर ग्रंथपडताळणीही उरकली. यंत्राने जुनी यादी जशीच्या तशी नवीन साच्यात ओतली असती तर जुन्या चुकाही तशाच तिकडे गेल्या असत्या.

रेघोट्या:

@खडूफळा, शाळेचं ग्रंथालय किती पुस्तकांचं? वीस हजार नोंदी टाइप करायच्या तर माणसं लागतील आणि प्रत्येकाचं शुद्धलेखन निराळं. आधी रूपांतर, मग छापील यादी घेऊन कपाटांपुढे उभं राहायचं. पडताळणी तशीही होते.

(आणि टाइप करायचं ठरलंच, तर मी वाईहून येते. चहा-भजी वाचनालयाकडून.)

खडूफळा:

@रेघोट्या, तीन हजारांच्या आतलं. वीस हजारांना तुमचा क्रम योग्य आहे, मान्य. पण पडताळणी 'नंतर कधीतरी' वर टाकू नका एवढंच म्हणणं.

ग्रंथसखी:

मी ग्रंथपाल आहे, म्हणून मार्कबद्दल लिहिते. थोडं लांबेल.

मार्क हे साठच्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या पुढाकाराने तयार झालं. तेव्हा माहिती चुंबकीय फितीवर असायची, त्यामुळे रचना तशी आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला २४ अक्षरांचं शीर्षक, त्यात पहिल्या पाच जागी संपूर्ण नोंदीची लांबी. त्यापुढे अनुक्रमणिका: कोणता रकाना कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, प्रत्येकी १२ अक्षरांत. मग प्रत्यक्ष मजकूर. रकान्यांना क्रमांक असतात. २४५ मध्ये पुस्तकाचं नाव, १०० मध्ये लेखक, ०२० मध्ये आयएसबीएन, ०८२ मध्ये ड्यूई वर्गांक. कोहा प्रत्येक प्रतीची माहिती ९५२ मध्ये ठेवतं आणि त्यातल्या 'पी' उपरकान्यात बारकोड जातो. तुमचा दाखल क्रमांक तिथेच टाकतात बरेच जण.

आता मराठीसाठी महत्त्वाचं. ही लांबी बाइटमध्ये मोजायची असते, अक्षरांत नाही. 'कविता' हा शब्द युनिकोड या जागतिक अक्षरमानकात पाच चिन्हांचा, पण यूटीएफ-८ या त्याच्या साठवणपद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा. एखाद्या हौशी प्रोग्रॅमने पाच मोजले की पुढचा प्रत्येक रकाना सरकतो आणि लेखकाच्या नावात प्रकाशकाचा तुकडा येतो. शीर्षकातली नवव्या क्रमांकाची जागा (मोजणी शून्यापासून) 'ए' असायला हवी, म्हणजे नोंद युनिकोडमध्ये आहे असं वाचणाऱ्याला कळतं. ती रिकामी राहिली तर मराठी पुन्हा बिघडलेली दिसू शकते.

म्हणून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: थेट मार्कच्या फंदात पडू नका. आधी स्वच्छ यूटीएफ-८ सीएसव्ही, मग मार्कएडिटने मार्क. मार्कएडिट मोफत आहे, त्यात कोणता स्तंभ कोणत्या रकान्यात हे जुळवायचं आणि बाइटची मोजणी ते स्वतः करतं.

कळफलक:

२०२४ मध्येही फितीच्या जमान्यातलं स्वरूप? जेसनसारखं माहिती देवाणघेवाणीचं आधुनिक स्वरूप का नाही वापरत?

ग्रंथसखी:

कारण जगभरच्या ग्रंथालयांच्या नोंदी त्यात आहेत आणि एकमेकांकडून घेता येतात. मार्क-एक्सएमएल आहेच, कोहा तेही घेतं. पण साचा बदलला म्हणून आत काय लिहायचं ते ठरत नाही. कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आणि नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' या नावाने, माणूस एकच. हे सीएसव्हीला कळत नाही, जेसनला कळत नाही. 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु.ल.' आणि 'देशपांडे, पु. ल.' असे तीन लेखक तुमच्या यादीत नक्की सापडतील, पानवेल. ते माणसानेच एकत्र आणायचे.

राइनकाठ:

जर्मनीहून एक भर. सीएसव्हीमधला 'सी' म्हणजे स्वल्पविराम असतोच असं नाही. इथे दशांशचिन्हाला स्वल्पविराम वापरतात, साडेबारा युरो १२,५० असे लिहितात. त्यामुळे इथलं एक्सेल सीएसव्ही करताना स्तंभ अर्धविरामाने तोडतं. भारतातून आलेली सीएसव्ही इथे डबल क्लिकने उघडली की सगळं एकाच स्तंभात. तुमच्याकडे प्रश्न वेगळा येईल: 'पवार, शंकर बापू, पेठ गल्ली' अशा नोंदींतले स्वल्पविराम. मजकूर दुहेरी अवतरणात असला आणि आतल्या अवतरणाची जोडी केलेली असली की अडचण नाही. चांगली साधनं हे आपोआप करतात. हाताने 'सगळीकडे स्वल्पविराम घाला' असं करू नका.

धुळाक्षर:

पानवेलताई, आता मराठी परत मिळेल का, या मुद्द्याकडे येऊ. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

नव्वदच्या दशकातलं मराठी दोन प्रकारचं असू शकतं. एक, डॉसवर सीडॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारं जोडकार्ड) लावून भरलेलं. ते 'इस्की' या मानकात असतं. त्यात बाइटच्या खालच्या अर्ध्या भागात नेहमीचं इंग्रजी आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे रूपांतर जवळजवळ एकास एक होतं. दोन, विंडोजवर एखादा जुना फॉन्ट लावून भरलेलं. तिथे अक्षरं साठवलेलीच नसतात, अक्षरांचे आकार साठवलेले असतात. ख-चा अर्धा भाग वेगळा, काना वेगळा. पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. शिवाय इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरलेल्या, त्यामुळे त्याच स्तंभातल्या इंग्रजी पुस्तकाचं नावसुद्धा कन्व्हर्टर मराठी समजून त्याचा चुथडा करतो.

ओळखायचं कसं? ज्याच्या नावात 'कविता' हा शब्द आहे असं एक पुस्तक दाखल क्रमांकावरून शोधा. फाइलची प्रत हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा आणि त्या जागचे बाइट दशमानात बघा. १७९ २१२ २१९ १९४ २१८ असे पाच आकडे सलग दिसले तर इस्की. क, व, वेलांटी, त, काना. वेलांटी व-च्या नंतर आहे हे बघा, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. तसं नसेल आणि मध्येमध्ये १२८ च्या खालचे आकडे असतील तर फॉन्ट.

दुसरं, अजून काहीही रूपांतर करू नका. मूळ चार फाइल्सची एक प्रत फक्त वाचण्यापुरती करून दोन ठिकाणी ठेवा. फॉक्सप्रोच्या फाइलबरोबर त्याच नावाची एफपीटी फाइल असेल तर तीही घ्या. शेरे, टिपा असा लांब मजकूर डीबीएफमध्ये नसतो, तिच्यात असतो.

निमिष_पुणे:

+१. आणखी एक. डीबीएफमध्ये नोंद 'काढून टाकली' तरी ती जात नाही. नोंदीच्या सुरुवातीला एक तारांकन लागतं आणि 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत ती फाइलमध्येच राहते. म्हणजे रद्द केलेली, हरवलेली पुस्तकं अजून आत असतील. काही साधनं ती सरळ गाळतात, काही परत जिवंत करतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं डीबीएफरीड हे साधन त्या नोंदी वेगळ्या देतं. त्यांची वेगळी यादी काढा. रद्द पुस्तकांचे दाखल क्रमांक नवीन पुस्तकांना चुकून पुन्हा दिले जाऊ नयेत म्हणून ती लागते.

आणि डीबीएफरीडला अक्षरसंच 'लॅटिन-१' सांगा. तुमची माहिती लॅटिन-१ नाही हे मला माहीत आहे. पण त्यात २५६ पैकी प्रत्येक बाइटला एक जागा आहे, म्हणून एकही बाइट न हरवता सगळं बाहेर येतं आणि नंतर परत बाइटमध्ये नेता येतं. विंडोज-१२५२ सांगितलं तर पाच बाइट अव्याख्यात आहेत, तिथे अडतं किंवा प्रश्नचिन्ह पडतं.

अबोली:

प्रश्नचिन्ह पडलं की काय होतं? परत मिळतं?

निमिष_पुणे:

नाही. हाच फरक लक्षात ठेवायचा. अगम्य चिन्हं दिसत असतील तर घाबरू नका, बाइट शाबूत आहेत, वाचण्याची पद्धत चुकली आहे. पण फाइलमध्ये खरोखर '????' लिहिलं गेलं असेल तर मूळ अक्षर गेलं. मग मूळ फाइलकडेच परत जायचं.

माळरान:

अशाच भीतीचा एक प्रसंग. एका मित्राने पायथनने जेसन काढली आणि मला फोन केला, मराठीचा सत्यानाश झाला म्हणून. उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे, असं सगळीकडे. काही बिघडलेलं नव्हतं. पायथन मुळात जेसन लिहिताना इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहितं. वाचणारा प्रोग्रॅम त्याचं पुन्हा अक्षर करतो. 'एन्शुअर आस्की' हा पर्याय बंद केला की मराठी सरळ दिसते.

पानवेल:

मंडळी, केलं! दाखल क्रमांक ००४१२, एक कवितासंग्रह. आकडे अगदी तुम्ही लिहिले तसे: १७९ २१२ २१९ १९४ २१८. भाच्याला शेजारी बसवून घेतलं होतं, आम्ही दोघंही ओरडलोच.

पण उत्साहाने अजून एक बघितलं, २००३ साली दाखल झालेलं पुस्तक. त्याच्या नावातही 'कविता' आहे. तिथे मात्र वेगळेच आकडे, आणि बरेचसे १२८ च्या खाली. एकाच स्तंभात दोन प्रकार? जुन्या ग्रंथपालकाकांना विचारलं. ते म्हणाले, मध्ये डॉसचा संगणक जाऊन विंडोजचा आला होता, तेव्हापासून दुसऱ्या फॉन्टमध्ये भरायला लागले. कधीपासून ते त्यांना नक्की आठवत नाही.

धुळाक्षर:

वा! पानवेलताई, फार मोलाची गोष्ट शोधलीत. सगळ्या फाइलवर एकच कन्व्हर्टर चालवला असता तर अर्धी यादी अशी बिघडली असती की का बिघडली तेही कळलं नसतं.

तारखेवर विसंबून फाइल तोडू नका. संगणक बदलल्यावरही जुन्या नोंदींत दुरुस्त्या झाल्या असतील. प्रत्येक नोंद बाइटवरून तपासायची. एकाच शब्दाच्या आत १२८ च्या वरचे आणि इंग्रजी अक्षरांचे बाइट सरमिसळ असतील तर फॉन्ट. मराठी शब्द संपूर्ण १६१ ते २५० या पट्ट्यात असतील तर इस्की. वरचा एकही बाइट नसेल तर बहुधा इंग्रजी, पण फॉन्टमधलं एखादं छोटं मराठी नावही तसं असू शकतं. म्हणून हा तिसरा गट वेगळा काढून डोळ्यांनी बघायचा.

इस्कीच्या गटाला आयसीयू या मोफत युनिकोड-संचाबरोबर येणारं यूकॉन्व्ह हे अक्षरसंच बदलणारं साधन वापरा. स्वतः तक्ता करायचा मोह टाळा, कारण इस्कीत काही खाचाखोचा आहेत. हलन्तापुढे हलन्त आला तर अर्थ वेगळा, हलन्तापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आला तर वेगळा. यूकॉन्व्हला ते माहीत आहे. फॉन्टच्या गटाला फॉन्टचं नाव लागेल. विंडोजवर जो प्रोग्रॅम चालतो त्या संगणकाच्या फॉन्ट फोल्डरची यादी इथे टाका. त्या त्या फॉन्टचे तक्ते लोकांनी केलेले आहेत.

रूपांतर झालेला मजकूर मूळ स्तंभाच्या जागी टाकू नका. शेजारी नवीन स्तंभ करा: मूळ, गट, युनिकोड. चूक सापडली की ती कुठून आली ते त्या ओळीतच दिसेल.

रेघोट्या:

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या मंडळाच्या जुन्या अंकांच्या सूचीलाही हेच लागणार आहे.

ग्रंथसखी:

युनिकोड झाल्यावरही एक काम उरतं आणि मराठीला ते हमखास भोवतं. 'ॲ' आणि 'अॅ' बघा. पहिलं एकच चिन्ह आहे, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं म्हणजे अ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी ही दोन एक होत नाहीत. 'ऱ्या' चंही तसंच: कुणी ऱ वापरतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. वाचक 'दऱ्याखोऱ्या' शोधतो आणि पुस्तक असून सापडत नाही. मार्क करण्याआधी सीएसव्हीतच एक रूप ठरवून बदलून घ्या. आम्ही ॲ आणि ऱ ठेवले.

प्रकाशनवर्षही बघा. जुन्या पुस्तकांवर शके असतं आणि भरणाऱ्याने तेच लिहिलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषापासून पुढच्या महिन्यांना ७९. पुस्तकावर महिना नसतो बहुतेकदा. म्हणून छापलेलं शके तसंच ठेवा आणि शेजारी चौकटी कंसात इसवी सन द्या.

सूक्ष्मदर्शी:

शके १९०० च्या आसपासची नोंद आणि इसवी १९०० ची नोंद यांत फरक कसा करणार? आकडा तर दोन्हीकडे चालण्यासारखा.

ग्रंथसखी:

शके १९०० म्हणजे १९७८. किंमत, प्रकाशक आणि दाखल तारीख बघून बहुतेक कळतं. शंका असेल ती पुस्तकं काढून बघायची. खडूफळा म्हणाले ते इथे लागू पडतं, कपाटापुढे उभं राहिल्याशिवाय ते सुटत नाही.

निमिष_पुणे:

मार्क-एक्सएमएल वापरणार असाल तर एक सूचना. जुन्या डीबीएफमध्ये २६ क्रमांकाचा बाइट किंवा शून्य बाइट मजकुरात घुसलेले असतात. एक्सएमएल १.० मध्ये टॅब आणि नवीन ओळ सोडून असे नियंत्रक बाइट चालतच नाहीत, फाइल मधेच नाकारली जाते. सीएसव्हीच्या टप्प्यावर ते शोधून काढा. आणि 'अँड' चं चिन्ह (&) एक्सएमएलमध्ये सुटं लिहिता येत नाही, प्रकाशकांच्या नावांत ते भरपूर असतं. प्रोग्रॅमिंगच्या तयार लायब्ररीकडून फाइल लिहून घेतलीत तर ती काळजी ती घेते, हाताने जोडलंत तर तुम्हाला घ्यावी लागेल.

पानवेल:

सगळ्यांचे आभार. कार्यकारिणीपुढे हा धागा वाचून दाखवला. टाइप करण्याचं मत असणारे दोघंही रूपांतराला तयार आहेत, आणि पडताळणीची जबाबदारी त्यांनीच मागून घेतली. फॉन्टची यादी उद्या टाकते.

एक प्रश्न उरला. कोहात आधी सगळे ग्रंथ एकदम चढवायचे का? आणि दाखल क्रमांक ००४१२ असाच ठेवू की शून्यं काढू?

ग्रंथसखी:

एकदम नको. शंभर नोंदी निवडा: इस्कीतल्या, फॉन्टमधल्या, इंग्रजी, हिंदी, शके असलेल्या, अनेक खंडांच्या, आणि एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती असलेल्या. कोहात आयात दोन पायऱ्यांत होते. आधी नोंदी नुसत्या तात्पुरत्या घेऊन दाखवतं आणि तुम्ही हो म्हटल्यावरच यादीत घालतं. आयात केलेला गठ्ठा परतही घेता येतो. शंभर नोंदी चढल्या की पुन्हा बाहेर काढा आणि तुमच्या सीएसव्हीशी ओळीला ओळ ताडून बघा.

शून्यं ठेवा. पुस्तकावर शिक्का ००४१२ चा आहे, नोंदवहीत ००४१२ आहे. बारकोडचा रकाना मजकुराचाच आहे, त्याला शून्यांचं वावडं नाही.

कळफलक:

आणि ती सीएसव्ही तपासायला एक्सेलमध्ये उघडणार असाल तर डेटा टॅबमधून, सगळे स्तंभ टेक्स्ट, अक्षरसंच ६५००१ यूटीएफ-८. पानवेलताई, अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, स्क्रीन बघून सांगतो.